पाऊण तास

तर काल मी रूबेनला जीपच्या टपावर बसवून ठेवला आणि तुम्ही जेवायला उठलात. बिचारा तेव्हापासून तिथंच बसला असेल, मांडीवर दगडांची पेटी घेऊन! आता त्याला खाली उतरवू या.

जीप ओढ्यात अडकलेली, पाणी चाकांच्या वर चढलेलं, वरून पाऊस. साहेब आणि ड्रायव्हर कसेबसे काठाला लागले, आणि आमचा रूबेन अष्टमकर, सरकारी पाणी-तपासणी खात्यात साहेबांचं सामान वाहणारा खलाशी, टपावर. पेटीत एकवीस गावांचे दगड. विहीर कुठं घ्यावी, कुठं घेऊ नये ते ठरवायला गोळा केलेले, आणि प्रत्येकावर गावाच्या नावाची चिठ्ठी डकवलेली. चार तासांनी पाणी उतरलं. रूबेन शाबूत, पेटी शाबूत, चिठ्ठ्यांचा मात्र लगदा. साहेबांनी कपाळाला हात लावला. दोन महिन्यांची पायपीट फुकट गेली होती.

रूबेन म्हणाला, "साहेब, जरा दम धरा." आणि बसला की एकेक दगड जिभेला लावत!

"हा खारेपाटातला, वडखळच्या अंगाचा. खारा लागतोय. हा कोलाडचा, याला चवच नाय. हा नागोठण्याकडचा, जिभेला चिकटतोय बघा, आतून सडलेला हाय."

एकवीसच्या एकवीस सांगितले. साहेबांनी संशय म्हणून दोन गावांना पुन्हा जाऊन ताडून पाहिलं, दोन्ही बरोबर. बदली झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या कमरेची हातोडी काढून रूबेनच्या हातात दिली. ही गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली असेल. रूबेनची बायको सिपोरा दरवेळी मध्येच टोकायची, "दामूभावजी, गेल्या वेळेला चौदा दगड होते."

"वहिनी, दगड पण वाढतात," मी म्हणायचो.

"व्हय तर. आमच्या घरात तर रोज वाढतात," ती म्हणायची, आणि खिडकीकडे बोट दाखवायची. तिच्या खिडकीत, फळीवर, पाटाखाली, न्हाणीच्या कडेला, जिथं तिथं दगड. नवरा तीस वर्षं सर्वेक्षणाच्या साहेबांमागून फिरला, त्याची कमाई ती. सासूने मला सोनं घातलं नाही पण नवऱ्याने दगड घातले, असं ती आल्या-गेल्याला सांगायची.

मी हसत सांगतोय खरं. तसा मी हसतच सांगणारा माणूस. पण या गोष्टीचा पुढचा भाग मी कुणाला सांगितलेला नाही, आणि तो हसत सांगता येणार नाही.

रूबेन आणि मी अष्टमी गावच्या शाळेत एका बाकावर. सातवीपर्यंत. पुढं माझ्या वाट्याला वडिलांची शेती आली आणि त्याच्या वाट्याला खात्याची नोकरी. त्याचे लोक म्हणजे इस्रायल, कोकणातले ज्यू. आमच्याकडे त्यांना शनवार तेली म्हणत, कारण त्यांचे घाणे असत आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवत. त्यांच्या प्रार्थनेच्या जागेलाही आम्ही आणि ते मशीदच म्हणायचो. मोहल्ल्यात त्यांची अठरा घरं होती. मग एकेक कुटुंब पेटारे बांधून इस्रायलला निघालं. रूबेनचा मुलगा मोझेसही गेला. नव्वद साल उजाडलं तेव्हा अठरापैकी एक घर राहिलं होतं, रूबेन आणि सिपोराचं. आमच्या घरापासून दोन घरं सोडून.

रूबेन एकोणनव्वदला निवृत्त झाला आणि महिनाभरात बायकोच्या डोक्यावर बसला. घरात माणूस बसून राहिला की भांडी वाजतात, तशी वाजायला लागली. एक दिवस माझी नात ईरा, तेव्हा सात वर्षांची, त्याला म्हणाली, "रूबेनआजोबा, रेवदंड्याची वाळू पांढरी आणि दगड काळे, असं का?"

झालं. पुढच्या रविवारी रूबेनने चार घरची माणसं टेम्पोत भरली आणि समुद्रावर नेली. दगड दाखवायला! मी म्हटलं, अरे, लोक पैसे देऊन समुद्र बघायला जातात, दगड बघायला कोण येणार? पण आले. पुढच्या वर्षी दुप्पट आले. मग दर वर्षी पौषात एक रविवार ठरूनच गेला. रोह्याची माणसं, अष्टमीची, पेणहून वडखळ-अलिबागमार्गे येणारी. म्हाताऱ्यांपासून कडेवरच्या पोरांपर्यंत. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारे हैबतराव तर सहकुटुंब यायचे, आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारायचे, "रूबेनशेठ, याचा गणपती होईल का?"

"होईल. पण विसर्जनाला तुम्हीच उचलायचा," रूबेन म्हणायचा.

जागा कोर्लईच्या पुढची. तिथं ओहोटीला काळ्या खडकाचं एक लांबरुंद खडप उघडं पडतं, आणि ते खडप आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. ओहोटीत चरात घोटाभर पाणी. भरती लागली की पहिल्यांदा तो चर भरतो, मागून खडप बुडतं. म्हणजे समोर बघणाऱ्याला वाटतं समुद्र अजून लांब आहे, आणि पाठीमागे वाट बंद झालेली असते. म्हणून तिथं सगळा कारभार वेळेवर. मुलंबाळं बरोबर, म्हणून रूबेन उधाणाचे दिवस टाळायचा. उधाणाला पाणी लांब जातं पण येतंही धावत. तो भांगाचे दिवस धरायचा, पंचमी ते अष्टमी, तेव्हा पाणी सावकाश येतं.

वेळ काढायची आमच्याकडची रीत सोपी. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, उत्तर येईल ती भरतीची वेळ. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. म्हणजे तिथी एकाने पुढे गेली की पाणी पाऊण तास उशिरा. ही रीत रूबेनला बापाकडून आलेली. त्यांचे महिनेही चंद्रावरच चालतात, त्यामुळे तो आपल्या कॅलेंडरावरून मोजायचा. मुंबईचा मेव्हणा दर वर्षी ते कॅलेंडर पोस्टाने पाठवायचा. पहिल्या सहलीच्या आधीच मेव्हणाही इस्रायलला गेला आणि कॅलेंडर यायचं थांबलं. तेव्हापासून रूबेन माझ्या भिंतीवर आला.

माझ्या भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर असतं, तिथी-नक्षत्रासकट. आता इथं नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. आमचा दिवस सकाळी सुरू होतो. मी तोंड धुतलं की कालचं पान फाडतो. त्यांचा दिवस सूर्य मावळला की लागतो. शुक्रवारी सांजेला त्यांचा शनिवार, आणि शनिवारी सांजेला आभाळात तीन चांदण्या दिसल्या की रविवार. कॅलेंडर यायचं तोवर रूबेनच्या घरी पान सांजेलाच फाटायचं. मी त्याची थट्टा करायचो, "अरे, दिवस अजून ताटात आहे आणि तू पत्रावळ उचलतोस?"

तो म्हणायचा, "तुम्ही शिळा दिवस खाता रात्रभर."

सहलीच्या आदल्या सांजेला, शब्बाथ, म्हणजे त्यांचा पाळायचा शनिवार, सुटला की तो माझ्या दारात उभा राहायचा. आत यायचा नाही, चपला काढायचा कंटाळा. दारातूनच हाक, "दामू, पान काय म्हणतंय?" मी शनिवारची तिथी सांगायचो. तो मनात रविवारची एक मिळवायचा, बोटांवर तीन-चारचा हिशेब मांडायचा आणि जायचा. तिथी गळणारी किंवा दुणावणारी असली तर तेवढं मी वेगळं सांगायचो. पाच वर्षं हे बिनचूक चाललं.

सहावं वर्ष पंचाण्णवचं. सहलीच्या आधी बुधवारी माझी बायको वत्सला सिपोराकडे हलवा ढवळायला गेली होती. गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा. सहलीला तो हवाच. निम्मी माणसं दगडांसाठी यायची आणि निम्मी हलव्यासाठी. ढवळता ढवळता सिपोरा म्हणाली, "वत्सला गो, पूर्वी सांजेला मोहल्ल्यातल्या अठरा घरांत दिवस एकदम लागायचा. आता आमचा दिवस आमच्या दोघांपुरताच लागतो. बाकी गाव कालच्यातच बसलेलं असतं."

वत्सलाने हे मला जेवताना सांगितलं. मी त्यांच्या दिवसाची पन्नास वर्षं थट्टा केलेली.

शनिवारी सांजेला मी अंगणात उभा राहिलो. गोठ्याच्या वर एक चांदणी होती. मग आंब्यातून दुसरी दिसली. तिसरीला जरा वेळ लागला. ती दिसली तसा मी आत गेलो आणि शनिवारचं पान फाडलं. पौष वद्य पंचमी. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. उद्या खडपावर हलवा खाताना सगळ्यांदेखत काढून सिपोरावहिनीला दाखवायचं आणि म्हणायचं, आमच्याकडेही कालच लागला तुमचा रविवार! काय मजा येईल, या खुशीत मी.

तेवढ्यात दारातून हाक, "दामू, पान काय म्हणतंय?"

भिंतीवर रविवारचं पान. "षष्ठी!" मी मोठ्यांदा सांगितलं. हसू येत होतं ते दाबलं.

"बरं," रूबेन म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकतीस माणसं होतो. थंडी सरून ऊन नुकतं कोवळं झालेलं. रूबेनच्या अंगात तर वारं भरलेलं. काळ्या खडकावर पोरांना गोळा करून तो सांगत होता, "ही जमीन आधी आमटीसारखी पातळ होती, पोरांनो. खालून फुटली, उकळली, पसरली. उकळताना बुडबुडे आले ते तसेच थिजले. ही बघा भोकं. या भोकांतनं पाणी झिरपलं, आणि त्या पाण्यानं आत गारगोट्या मांडल्या."

"म्हणजे देवाची आमटी उतू गेली म्हणा की!" हैबतराव म्हणाले.

"उतू गेली म्हणून तर आपण उभे हाव, हैबतराव. नायतर पायाखाली काय असतं?"

मग त्याने ती भिंत दाखवली. खडपाच्या मधोमध, कमरेइतकी उंच, गवंड्याने ओळंब्यात बांधावी तशी सरळ समुद्रात गेलेली काळी भिंत. पोरं ओरडली, कोणी बांधली? रूबेन वाटच बघत होता. "कोणीच नाय. जमिनीला चीर पडली, त्या चिरेत खालनं रस चढला आणि तिथंच थिजला. बाजूचा नरम दगड समुद्रानं खाल्ला. ही कडक, म्हणून मागं राहिली."

सिपोरा हलव्याचा डबा सांभाळत बसली होती. म्हणाली, "ऐकलंस का वत्सला गो, कडक असतं तेच मागं राहतं म्हणे. म्हणून तर हा माझ्या वाट्याला आला."

सगळे हसले. रूबेनही हसला. माझ्या खिशात पान होतं. हलवा निघाला की काढायचं म्हणून मी थांबलो होतो.

अकराच्या सुमाराला सिपोरा उठून उभी राहिली. ती खाडीकाठच्या गावातली, पाण्याची नजर होती तिला. म्हणाली, "अहो, पाणी वळलंय."

रूबेनने घड्याळ पाहिलं. "आता कुठं ओहोटी पुरी होतेय. अजून पाऊण तास आपला हाय."

"पाणी घड्याळ घालून येतं का?"

"सिपोरा, सहा वर्षं कोण मोजतोय? मी का तू?"

एवढ्यात ईराला आणि पेणच्या पोरांना भिंतीच्या बुडाशी गारगोट्यांनी भरलेली एक खोबण सापडली, हाताएवढी. उन्हात ती अशी चमकली की मोठी माणसंही गुडघ्यावर बसली. रूबेन हातोडीने हळूहळू कडा सोडवत होता आणि पोरं श्वास धरून बघत होती. त्या दिवसाचा तो शेवटचा आनंद, म्हणून मला त्याचा अर्धा तास काळजात रुतल्यासारखा आठवतो. पावणेबाराला आम्ही परतलो आणि चर कमरेला लागला होता.

कुणी बुडावं असं ते पाणी नव्हतं. पण खाली हिरवं शेवाळ, आणि पाण्याला ओढ. पुरुष माणसं चरात साखळी धरून उभी राहिली. पोरं हातोहात पलीकडे गेली. मग म्हाताऱ्या. सिपोरा अलीकडच्या काठावर उभी राहून डोकी मोजत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. सगळे गेल्याशिवाय ती पाय टाकेना. रूबेन पाण्यातून ओरडला, "अगो, तू ये आधी!" ती म्हणाली, "मोजायचं काम आता माझ्याकडे हाय." आणि हसली. खरंच हसली. मग तिने पाऊल टाकलं आणि शेवाळावरून ती बाजूच्या खडकावर कुशीवर पडली. आवाज लहानसाच झाला.

कोळ्यांनी एक फळी दिली. फळीवरून तिला टेम्पोत घातलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. किनाऱ्यावर माणसं गोळा होऊन कुजबुजत होती, कोण म्हणत होतं वेळ चुकली, कोण म्हणत होतं एवढ्या पोरांचं काय झालं असतं. रूबेन सगळ्यांसमोर उभा राहिला. अंग गळ्यापर्यंत ओलं. म्हणाला, "मोजणी माझी चुकली. कोणाला बोल लावायचा तर मला लावा."

अलिबागच्या रस्त्याला टेम्पोत मी सिपोराच्या पायाशी बसलो होतो. सवयीने बोटं हलायला लागली. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. साडेचारची भरती, म्हणजे साडेदहाची ओहोटी. मग रूबेन सव्वाअकरा का धरून बसला? सव्वापाचची भरती धरली तर. म्हणजे सप्तमी. सप्तमी कुठून आली? आणि मग छातीवरचं पान मला सदऱ्यातून टोचलं. मी त्याच्यासाठी एक दिवस पुढे गेलो होतो, आणि तो नेहमीसारखा माझ्यासाठी आणखी एक पुढे गेला होता. दोघांनी एकमेकांची अडचण जाणली, आणि एक दिवस जास्तीचा झाला. पाऊण तास.

त्याच वेळी बोलायला हवं होतं. समोर सिपोरा कण्हत होती. म्हटलं, आत्ता नको. दवाखान्यात म्हटलं, ऑपरेशन होऊ दे. मग म्हटलं, घरी येऊ दे. ती घरी आली, पण हाड जुळलं नाही. खाटेवरच राहिली. वत्सला रोज दोन वेळा जायची, मी सकाळी पाच मिनिटं. सिपोरा मला पाहून अजूनही म्हणायची, "भावजी, आज किती दगड?" मी म्हणायचो, "एकवीस, वहिनी." आणि उठायचो.

महिनाभराने रूबेन एकदा माझ्याकडे आला. या वेळी चपला काढून आत आला, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी उभा राहिला. "दामू, त्या सांजेला तू काय म्हणालास? पंचमी का षष्ठी?"

मी पानाची कड सरळ करायला लागलो.

"मला षष्ठी ऐकल्यासारखं आठवतं," तो म्हणाला. "षष्ठीत एक मिळवली तर सप्तमी. पण तू पंचमी म्हणाला असशील. तुझ्या भिंतीवर शनिवारी पंचमीच असणार. म्हणजे मी ऐकलं चुकीचं, नायतर मिळवलं दोनदा. माझं डोकं जायला लागलं काय रे?"

आणि मी, साठ वर्षांचा शेजारी, एका बाकावरचा सोबती, काय म्हणालो? म्हणालो, "मला आठवत नाही रे."

तो मान हलवून गेला. त्यानंतर तो कसलीच मोजणी करेना. दुकानातून आणलेले सुटे पैसे सिपोराकडून मोजून घ्यायचा. आदल्या दिवशीचा वार विसरलो का म्हणून वत्सलाला विचारायचा. गावातही चार माणसं बोलायचीच, दगडाच्या नादी लागून बायकोला खाटेवर निजवलं म्हणून. तो ऐकून घ्यायचा.

सिपोरा आठ महिन्यांनी गेली. त्यांचं नवं वर्ष लागायला थोडे दिवस होते. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पेणहून, अलिबागच्या बाजूने, कुठून कुठून माणसं आणून कसेबसे दहा झाले. त्यांच्या सुतकाचे सात दिवस रूबेन जमिनीवर बसला. आठव्या दिवशी उठला आणि घरातले दगड बाहेर काढायला लागला. मोहल्ल्याच्या वाटेवर पावसाने खड्डे पडले होते. तीस वर्षांचे दगड त्याने त्या खड्ड्यांत भरले आणि पायाने दाबले. जांभळ्या गारगोट्या, हिरवे खडे, मिठासारखे पांढरे, सगळे. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "नको दामू, तुझी कंबर दुखेल." अजूनही त्या वाटेने जाताना माझं पाऊल अडखळतं.

सहल बंद झाली. ईरा दोन वर्षं पौष आला की विचारायची, मग तिनेही विचारायचं सोडलं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर मोझेस इस्रायलहून आला. बापाला न्यायला. रूबेन नको म्हणाला नाही. मोझेसने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, बाबांचं डोकं ठीक आहे ना? सारखे म्हणतात, माझ्यावर काही सोपवू नकोस, मी मोजणीत चुकतो, माणूस जातं."

त्या रात्री मी जेवायला बसलो. वत्सलाने माझ्या पोथीतून ते घडी केलेलं पान काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं. तिला किती दिवसांपासून माहीत होतं कोण जाणे. म्हणाली, "विमान उडाल्यावर सांगणार आहात का?"

शनिवार आला. मंगळवारी त्यांचं विमान होतं. सांजेला मी रूबेनच्या दारात गेलो. आत मोझेस बॅगेला दोरी बांधत होता. खिडक्या मोकळ्या, फळ्या मोकळ्या. रूबेन पायरीवर बसून आभाळाकडे बघत होता. मी त्याच्या शेजारी बसलो. तेवढ्यात तिसरी चांदणी दिसली. दोघांनीही पाहिली.

मी खिशातून पान काढून त्याच्या हातात दिलं. आणि बोललो. बुधवारचा हलवा, सिपोराचं ते वाक्य, अंगणात उभं राहणं, पान फाडणं, षष्ठी म्हणणं. टेम्पोतली बोटं. आठवत नाही म्हणालो तेही. सगळं, एका दमात. शेवटी म्हटलं, "रूबेन, तुझं डोकं शाबूत आहे. तू ऐकलंस ते बरोबर होतं, मिळवलंस तेही बरोबर होतं. चूक माझी होती, आणि मी ती तीन वर्षं तुझ्या डोक्यावर ठेवली."

मी मान खाली घालून थांबलो. त्याने हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पानाची घडी उलगडली, दगड बघावा तसा कागद अंगठ्याने घासून पाहिला. आत मोझेसने दिवा लावला, त्या उजेडात पंचमी हा शब्द वाचला. मग विचारलं, "फाडलंस तेव्हा किती वाजले होते?"

"घड्याळ पाहिलं नाही," मी म्हटलं. "तीन चांदण्या मोजल्या आणि फाडलं."

रूबेनने पान पुन्हा तसंच घडी केलं आणि मुठीत धरलं. मग तो जे बोलला ते मी शब्दही इकडचा तिकडे न करता सांगतो:

"तीन चांदण्या मोजून फाडलंस? म्हणजे त्या सांजेला आमच्याशिवाय आणखी एका घरात रविवार लागला होता, दामू. आठ महिने ती त्या खाटेवर पडून रोज सांजेला मला विचारायची, लागला काय हो दिवस? तेव्हा येऊन एवढं एकच तिला सांगायचं होतंस रे."